परतीचा निर्णय नोव्हेंबरात घेऊ नका

प्रश्न : माझे माहेर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले, सासर राजारामपुरीत. यजमान मोटारींच्या सुट्या भागांच्या कंपनीत अभियंता आहेत आणि दोन वर्षांपूर्वी त्यांच्या ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा वास्तव्य परवाना) आम्ही जर्मनीत, स्टुटगार्टला आलो. त्याआधी मी एम.एस्सी. करून कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते, इथे मात्र घरीच आहे. मुलगी पाच वर्षांची आहे. तिला मराठी कळते, पण ती उत्तर जर्मनमध्ये देते. गेल्या जुलैत बाबांची (वय 71) अँजिओप्लास्टी झाली, ती मला चार दिवसांनी चुलतभावाकडून कळली. मी एकुलती एक. आई फोनवर एवढेच म्हणते, ‘बरं हाय की सगळं, तू नको काळजी करूस.’ यजमान म्हणतात, पाच वर्षे पूर्ण करू, नागरिकत्व घेऊ, मग बघू. मला उद्याच परत यावेसे वाटते. साडेचारला अंधार पडतो आणि काही दिवस अंथरुणातून उठावेसेच वाटत नाही. जिन्याची झाडलोट राहिली म्हणून शेजारच्या आजींनी दारावर चिठ्ठी लावली, त्या दिवशी मी तासभर रडले. बाबांची करवीर तालुक्यात थोडी ऊसशेती आहे, तिचे पुढे काय, हीही काळजी आहे. माझे काही चुकते आहे का?
— एक वाचक भगिनी, स्टुटगार्ट

उत्तर :

स. न. वि. वि.

तुमचे काही चुकत नाही, हे आधी स्पष्ट लिहिते. मात्र तुमचे पत्र दोनदा वाचल्यावर मला असे वाटले की ‘परत यायचे का’ या एकाच प्रश्नावर तुम्ही तीन वेगवेगळी ओझी लादली आहेत. बाबांच्या आजारपणाची धास्ती, स्वतःची नोकरी आणि ओळख सुटल्याचे दुःख आणि तिथल्या हिवाळ्याने मनावर आणलेली मरगळ. या तिन्हींवर परत येणे हा एकच उपाय तुम्हाला दिसतो आहे. पहिल्या दोहोंवर तो पुरता लागू पडणार नाही, आणि तिसऱ्यासाठी इतका मोठा उपाय करण्याची गरज नाही.

सुरुवात तिसऱ्यापासूनच करते, कारण पत्रात ते वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेला आहात आणि मला मात्र तिथेच थांबावेसे वाटले. अंथरुणातून उठावेसे न वाटणे, क्षुल्लक चिठ्ठीने तासभर रडू येणे, हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालू असेल तर तो स्वभावाचा दुबळेपणा समजू नका आणि डॉक्टरांना दाखवा. तुमच्या घरच्या डॉक्टरांकडे, म्हणजे तिथे ज्यांना हाउसआर्ट्स्ट म्हणतात त्यांच्याकडे, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेण्याबद्दल बोला आणि झोप, भूक, रडू येणे हे सारे न लपवता सांगा. मानसोपचाराचा खर्च तिथला सरकारी आरोग्य विमा करतो. वाट बरीच पाहावी लागते, म्हणून 116117 या क्रमांकावर पहिल्या भेटीची वेळ आजच मागून ठेवा. दुपारी बारा ते दोन या वेळेत ऊन असो वा नसो, रोज अर्धा तास बाहेर पडा. आणि या महिन्यांत, म्हणजे फेब्रुवारी सरेपर्यंत, परतीचा निर्णय कोणत्याही बाजूने घेऊ नका. तो उजेडात घेण्याचा निर्णय आहे.

आता बाबांविषयी. चार दिवसांनी कळले, याचा सल तुमच्या पत्राच्या ओळीओळीत आहे, आणि तो असणारच. पण आईच्या जागी क्षणभर उभ्या राहून पाहा. मुलीला कळवले तर ती तिकिटाला लाखभर रुपये घालून, लेकराला घेऊन किंवा तिथेच ठेवून धावत येणार, जावयाची रजा संपणार, आणि तोवर बाबा घरी आलेलेही असणार, असा तिचा सरळ हिशेब होता. तुम्हाला परके समजून तिने हे केलेले नाही. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मी हे पुन्हापुन्हा पाहते : इकडे आईवडील आजार लपवतात, तिकडे मुले एकटेपण लपवतात, आणि दोन्हीकडून ‘छान आहे’ एवढेच बोलणे होते. तुम्हीही आईला त्या चिठ्ठीबद्दल सांगितले नसणार.

दुसरी गोष्ट थोडी कठोर वाटेल. तुम्ही पुण्यात असता तरी त्या पहिल्या तासात बाबांजवळ नसता. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गावर आले आणि रस्ता दिवसचे दिवस बंद राहिला, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. त्या दिवसांत पुण्यातली मुलेही शिवाजी पेठेत पोचू शकत नव्हती. छातीत कळ येते तेव्हा महत्त्वाचे असते ते दाराशी पाच मिनिटांत कोण येणार, 108 ला फोन कोण करणार आणि कोणत्या रुग्णालयात न्यायचे हे आधी ठरले आहे की नाही. लेक स्टुटगार्टला आहे की चाकणला, याने त्या तासात काही फरक पडत नाही. ही व्यवस्था लावणे तुमच्या हातात आहे, आणि ती लावण्यासाठी परत यावे लागत नाही.

चुलतभावाने तुम्हाला कळवले, म्हणजे माणूस तुमच्याकडे आहे. त्याच्याशी आईच्या माघारी नव्हे, तर आईसमोर बोला. घराची एक किल्ली त्याच्याकडे, दुसरी शेजारी. टी.व्ही.च्या कपाटावर एक फाइल राहू द्या, जिच्यात अँजिओप्लास्टीचा डिस्चार्ज कागद, शेवटचा ईसीजी, चालू औषधांची मोठ्या अक्षरांतली यादी, रक्तगट, हृदयरोगतज्ज्ञांचा क्रमांक आणि विम्याची कागदपत्रे असतील. औषधांची यादी आईच्या हस्ताक्षरात असावी, म्हणजे बदल झाला की तिलाच तो करावा लागेल आणि तिच्या लक्षात राहील. बाबांचे वय 71 असल्यामुळे त्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. सत्तरीवरील कोणालाही, उत्पन्न कितीही असो, योजनेतल्या रुग्णालयांत वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यावर मिळतात आणि स्वतःचा वेगळा खासगी विमा असला तरी ते चालते. आधार कार्ड लागते. भावाने एक सकाळ काढली तर काम होईल.

आईशी मात्र एक करार करा, आणि तो तिला पाळता येईल असा असू द्या. ‘तू मला त्याच दिवशी सांगायचेस. मी प्रत्येक वेळी धावत येणार नाही, हे माझे वचन. कधी यायचे ते डॉक्टरांशी बोलून मी ठरवीन.’ तिला भीती तुमच्या येण्याची आहे, तेव्हा ती भीती काढून घेतल्याशिवाय ती सांगणार नाही. प्रकृतीबद्दल तिला न विचारता थेट बाबांना विचारत जा. आपल्याकडचे पुरुष आजाराबद्दल बायकोने बोलावे अशी वाट पाहतात, पण लेकीने स्पष्ट विचारले तर बहुधा खरे सांगतात.

फोनच्या वेळेचाही विचार करा. संध्याकाळी सातला तुम्ही फोन लावता तेव्हा उन्हाळ्यात इथे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. त्या वेळी पडद्यावर आईचे अर्धे कपाळ आणि वर फिरणारा पंखा दिसतो, ती जांभई दाबत ‘बरं हाय की’ म्हणते आणि बोलणे संपते. त्याऐवजी मुलीला बालवाडीत सोडून आल्यावर, साडेआठला फोन लावा. इथे तेव्हा बारा किंवा एक वाजलेला असतो. ती मेथी निवडत असेल, तुम्ही तिकडे लसूण सोलत बसा. फोन ओट्यावर टेकवून दोघींनी आपापली कामे करावीत, काही बोललेच पाहिजे असे नाही. समोरासमोर ‘कशी आहेस’ विचारल्यावर जे निघत नाही ते असे काम करता करता निघते. गुडघा दुखतो, गॅसवाला आला नाही, बाबा पथ्य मोडून गंगावेशीत दूध पिऊन आले, हे सगळे तुम्हाला कळू लागेल. काळजी करायची तर ती खऱ्या गोष्टींची करता येईल.

आता तुमच्याविषयी, कारण पत्राचा गाभा मला इथेच दिसतो. राजारामपुरीतून ॲक्टिव्हा काढून कॉलेज, बँक, भाजी आणि माहेर हे सगळे उरकणारी, वर्गात शिरल्यावर ऐंशी मुले जिच्यासाठी उठून उभी राहत, ती बाई आज डॉक्टरांची वेळ घेण्यासाठीही नवऱ्याच्या सुट्टीची वाट पाहते. भारतीय वाहन परवाना तिथे राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतो, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. पदवी आहे, पण तिची भाषा तिथली नाही. हा ऱ्हास खरा आहे आणि नातेवाइकांनी ‘तुझं काय बाई, तू जर्मनीला’ असे म्हटले म्हणून तो खोटा ठरत नाही. परत आल्यावरही तो आपोआप भरून निघणार नाही. तुमची जुनी जागा कॉलेजने रिकामी ठेवलेली नसणार, आणि सलग खंडानंतर इथेही सुरुवात खालूनच करावी लागेल.

म्हणून तिथे असेपर्यंतचा काळ केवळ वाट पाहण्यात घालवू नका. ब्लू कार्डधारकाच्या पत्नीला तिथे कोणतीही नोकरी करण्याची मुभा असते, वेगळा परवाना लागत नाही. जर्मन शाळेत नियमित शिक्षक होणे हा लांबचा रस्ता आहे. साधारणपणे दोन विषय लागतात आणि भाषा फार वरच्या पातळीची लागते, तेव्हा त्याच्यामागे आत्ता लागू नका. प्रयोगशाळेतील काम, गुणवत्ता तपासणी, औषध आणि रंगरसायन उद्योग हे तुमच्या एम.एस्सी.ला जवळचे आहेत. तिथे कायद्याने पदवीला मान्यता घ्यावी लागत नाही, पण परदेशी शिक्षणाच्या मध्यवर्ती कार्यालयाकडून समकक्षतेचा दाखला आणला तर अर्जाला वजन येते. भाषा बी-२ या वरच्या मध्यम पातळीपर्यंत न्या. शासनाच्या एकात्मता अभ्यासक्रमात भाषेचे 600 तास असतात आणि ते बी-१ पर्यंत नेतात. तिथे जागा मिळाली तर उत्तम, नाही तर फोल्क्सहोखशूल या लोकशिक्षण संस्थेच्या वर्गाला जा. मोबाइलवर एकटीने शिकू नका. तुम्हाला भाषेइतकीच आठवड्यातून चार दिवस घराबाहेर काढणाऱ्या वर्गाची गरज आहे.

नोकरीचा विषय निघाला की घरात एक हिशेब मांडला जाईल, त्याबद्दल आधीच सावध करते. पगारातून कर कापण्यासाठी तिथे जे वर्ग असतात त्यांत यजमान करवर्ग 3 मध्ये आणि तुम्ही वर्ग 5 मध्ये असाल, तर तुमच्या पगारातून दरमहा इतका कर कापला जाईल की ‘एवढ्यासाठी कशाला धडपड’ असे दोघांनाही वाटेल. हा केवळ दरमहाच्या कपातीचा प्रकार आहे. वर्षाअखेर संयुक्त विवरणपत्र भरल्यावर दोघांचा मिळून कर तेवढाच निघतो, वर्ग कोणताही असो. मात्र बेकारी भत्ता आणि पालकत्व भत्ता हातात येणाऱ्या पगारावर ठरतो, म्हणून नोकरी लागताच दोघांनीही वर्ग 4 घेण्याचा विचार करावा.

आणि त्या शेजारच्या आजी. स्टुटगार्टकडे केअरवोखे म्हणून पद्धत आहे, इमारतीतील प्रत्येक घराने पाळीपाळीने जिना आणि दारापुढची वाट झाडायची. ज्यांची पाळी त्यांच्या दाराला पाटी अडकवतात. त्या चिठ्ठीचा अर्थ ‘तुम्ही आम्हाला नकोत’ असा नव्हता. आपल्या पेठेत सकाळी सडा न पडलेल्या दारापुढे उभी राहून ‘काय गं, आज बरं नाही का’ असे विचारणारी बाई आणि त्या आजी यांच्यात फरक एवढाच, की त्यांनी विचारण्याऐवजी लिहिले. पुढच्या पाळीला त्या घरी असतील अशी वेळ साधून जिना झाडा, आणि काम झाल्यावर पाटी त्यांच्या हातात द्या. हे असे झाडायचे का, पाणी किती घ्यायचे, एवढी दोन वाक्ये जर्मनमध्ये तयार ठेवा. तिथल्या वयस्कर माणसांशी बोलणे सुरू करायला असे काम लागते, नुसते हसून भागत नाही. यातून मैत्री होईलच असे मी म्हणत नाही, पण ओळखीचे एक दार तुमच्या मजल्यावर असेल.

यजमानांच्या ‘मग बघू’विषयी मी जरा सविस्तर लिहिते, कारण ही दोन शब्दांची सबब अनेक घरांत दहा-दहा वर्षे टिकते. जर्मनीने 27 जून 2024 पासून पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्व खुले केले आणि मूळ देशाचे नागरिकत्व सोडण्याची अटही काढली, हे खरे. पण आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते. ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर, तुम्ही इथे कितीही काळ राहू शकता, पण मतदान करता येणार नाही आणि शेतजमीन विकत घेता येणार नाही. बाबांची शेती मात्र वारशाने तुमच्याकडे येऊ शकते, अनिवासी भारतीय म्हणूनही आणि ओसीआय म्हणूनही, तेव्हा त्या भीतीने काही घाईघाईने नावावर करून घेऊ नका. बाबांना मृत्युपत्र करायला सांगा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर केलेले चालते. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. कुलमुखत्यारपत्र लागणार असेल तर ते पुढच्या भेटीत इथेच करा. म्युनिकच्या वकिलातीत जाऊन केले, तर महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते आणि तो अवधी हमखास निसटतो. तुमचे जुने पगाराचे खाते अजून साधेच असेल तर ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचे रुपयातील खाते, करून घ्या. सगळ्याच सहकारी बँकांना असे खाते ठेवण्याची परवानगी नसते, म्हणून आधी चौकशी करा.

नागरिकत्वाआधी एक मधला टप्पा आहे, आणि त्याबद्दल यजमानांनी तुम्हाला सांगितले आहे का ते मला माहीत नाही. ब्लू कार्डधारकाला बी-१ पातळीची जर्मन येत असेल तर 21 महिन्यांनी, आणि ए-१ एवढीच येत असेल तर 27 महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. म्हणजे त्यांची वेळ जवळजवळ आलीच आहे. तुमच्यासाठीच्या अटी वेगळ्या असतील, त्या विचारून घ्या. देश सोडून सर्वसाधारणपणे सहा महिन्यांहून अधिक राहिले तर असा परवाना जातो, तेव्हा ‘वर्षभर जाऊन बघू’ असा बेत त्याच्या भरवशावर करू नका.

त्यांना प्रश्न विचारायचा तो ‘परत कधी’ असा नको. ‘परत आलो तर कुठे’ असा विचारा. तुमच्या मनातले परतणे शिवाजी पेठेतले आहे आणि त्यांची नोकरी बहुधा चाकणला असेल, म्हणजे आईबाबांपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर, आणि तुम्ही पुन्हा एका नव्या शहरात घरी. हे दोघांनी एकदा मोठ्याने बोलून घ्यायला हवे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहतींत ओतकाम आणि सुट्या भागांचे कारखाने मोठ्या संख्येने आहेत, तिथे त्यांच्या अनुभवाला काय मोल मिळेल याची चौकशी त्यांनी पुढच्या सुट्टीत स्वतः फिरून करावी. पगार किती खाली येईल तो आकडा समोर असल्याशिवाय कोल्हापूरला परतण्याची चर्चा व्यर्थ आहे.

माझे मत विचारत असाल तर उद्या येऊ नका, आणि नागरिकत्वासाठी म्हणून थांबूही नका. मर्यादा मुलीच्या शाळेची ठेवा. ती सहाव्या वर्षी तिथे पहिलीला जाईल. दुसरी संपेपर्यंत आलात तर इथे रुळणे सोपे जाईल. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची आहे, आणि मराठी लिहायला चौथी-पाचवीत पहिल्यांदा बसणाऱ्या मुलाचे हाल मी पाहिले आहेत. म्हणजे तुमच्याकडे साधारण तीन वर्षे आहेत. त्यातील पहिली दीड भाषेला आणि नोकरीला द्या. त्यानंतरच्या मे महिन्यात, दोघेही कमावते असाल किंवा नसाल, हा विषय पुन्हा काढायचा असे यजमानांकडून आत्ताच कबूल करून घ्या.

दरम्यान आईबाबांना एकदा तिकडे न्या. नव्वद दिवसांचा व्हिसा मिळतो आणि 30,000 युरोंच्या संरक्षणाचा प्रवासविमा त्यासाठी लागतोच. पण बहुतेक विम्यांत आधीचे आजार वगळलेले असतात, म्हणून बाबांच्या हृदयविकाराचा उल्लेख करून लेखी उत्तर मिळाल्याशिवाय विमा घेऊ नका. हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी घ्या आणि आईबाबांना मे-जूनमध्ये बोलवा, रात्री नऊपर्यंत उजेड असतो तेव्हा.

मुलगी जर्मनमध्ये उत्तर देते याचे वाईट वाटून घेऊ नका आणि तिला रागावूही नका. दिवसभर ज्या भाषेत ती खेळते तीच तोंडात येणार. तुम्ही मात्र मराठीच बोलत राहा आणि तिने जर्मनमध्ये सांगितलेले मराठीत पुन्हा म्हणून पुढे जा. तिला मराठीची खरी गरज वाटेल ती ज्याला जर्मन येत नाही अशा माणसाशी बोलताना. बाबांना विश्रांती सांगितली आहे, त्यांच्याकडे वेळ आहे. शनिवारी आणि रविवारी सकाळी पंधरा मिनिटे नात आणि आजोबा यांची, मध्ये तुम्ही नाही. त्यांनी जोतिबाच्या यात्रेतल्या सासनकाठ्या सांगाव्यात, तालमीतली कुस्ती सांगावी, आणि तिला अडले तर अडू द्यावे. आजोबांना कळले नाही की ती शब्द शोधेल.